एका सफेत उभे राहणारे आपण

२६ नोव्हेंबरला आमच्या शाळेत दरवर्षी संविधान दिन होतो. परिपाठाला उद्देशिकेचे वाचन होते, एकदा उर्दूत आणि एकदा मराठीत. दोन्ही भाषा आमच्याकडे असल्यामुळे वाचून घेण्याचे कामही आमच्याकडेच येते. या वेळी वाचन झाल्यावर नववीच्या तासाला आम्ही फळ्यावर चार शब्द लिहिले. इन्साफ, आझादी, मसावात, उखुव्वत. त्यांच्यासमोर मराठी शब्द लिहिले. न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता. मग मुलांना म्हटले, यातला एक शब्द घ्या आणि आपल्या आयुष्यातले उदाहरण सांगा.

हात भराभर वर झाले. बहुतेकांनी मसावात घेतली आणि बहुतेकांनी उदाहरणही एकच दिले, नमाजच्या सफेचे. मोंढ्यातला आडत्या आणि त्याच्याच दुकानावरचा हमाल खांद्याला खांदा लावून उभे राहतात, जो आधी आला तो पुढे, जो नंतर आला तो मागे. उदाहरण चांगलेच आहे. आम्ही शाबासकी दिली आणि पुढच्या शब्दाकडे वळणार, इतक्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचे वडील आमच्या गावच्या कब्रस्तानात कबरी खोदतात. रमजानमध्ये सेहरीला मोहल्ला उठवतात. ती म्हणाली, "टीचर, नमाजमध्ये अब्बू कुठेही उभे राहतात, कुणी काही म्हणत नाही. पण शादीत त्यांना सगळे जेवून उठल्यावर बोलावतात. कधी कधी बोलावतही नाहीत, डबा भरून देतात. मग मसावात कुठपर्यंत असते?"

वर्गात कुणी हसले नाही, कुणी बोललेही नाही. आम्ही वीस वर्षे शिकवतो आहोत. मुलांचे अवघड प्रश्न आम्हाला नवे नाहीत. पण या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या तासाला दिले नाही. घंटा वाजली आणि खरे सांगायचे तर आम्हाला त्या घंटेचा आधार वाटला.

या महिन्याचे हे पान त्या मुलीच्या प्रश्नासाठी आहे.

शिकवणीत काही कमी आहे का?

आधी हे पाहू की आपल्याला जे शिकवले गेले त्यात काही कमी आहे का. सूरह हुजुरातची तेरावी आयत आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे. अल्लाहने सगळ्या माणसांना एकाच स्त्री-पुरुषापासून निर्माण केले, त्यांच्या जमाती आणि कबिले केले ते एकमेकांची ओळख पटावी म्हणून, आणि अल्लाहजवळ इज्जत आहे ती तकव्याची, असा तिचा आशय आहे. आयत कबिले नाकारत नाही, हे लक्षात घ्यावे. ती कबिल्याचे काम सांगते. त्याचे काम ओळख देणे आहे, मोठेपणा देणे नाही.

हिजरी १० मध्ये, म्हणजे इ.स. ६३२ मध्ये, अरफातच्या मैदानावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जो अखेरचा खुतबा दिला, त्यातही अरब आणि अरबेतर, गोरा आणि काळा यांच्यात श्रेष्ठ-कनिष्ठ नाही ही गोष्ट स्पष्ट सांगितली. त्याच्या दोन वर्षे आधी मक्का जिंकल्यावर काबाच्या छतावर चढून अजान देण्याचा मान कुणाला मिळाला? हजरत बिलाल (रजि.) यांना. एकेकाळचे गुलाम, हबशी आईचे पुत्र. कुरैशच्या मोठमोठ्या सरदारांना ते पाहून काय वाटले असेल, याची कल्पना करावी.

पण आम्हाला वर्गातल्या त्या प्रश्नानंतर सगळ्यात जास्त आठवला तो हजरत जुलैबीब (रजि.) यांचा प्रसंग. हदीसच्या ग्रंथांत तो आला आहे. जुलैबीब यांना मोठे खानदान नव्हते, पैसा नव्हता, रूपही नव्हते. प्रेषितांनी (स.) स्वतः एका अन्सारी घरात त्यांच्यासाठी मुलीचा हात मागितला. वडिलांना आधी वाटले की प्रेषित स्वतःसाठीच विचारत आहेत आणि ते आनंदले. जुलैबीबसाठी आहे म्हटल्यावर म्हणाले, मुलीच्या आईला विचारतो. आईने साफ नकार दिला. आत बसलेल्या मुलीच्या कानावर हे गेले. तिने आई-वडिलांनाच विचारले की प्रेषितांनी (स.) आणलेला रिश्ता तुम्ही परतवणार आहात का? ती राजी झाली आणि निकाह झाला. पुढे जुलैबीब एका मोहिमेत शहीद झाले, तेव्हा इतरांना आपापली माणसे आठवत होती आणि प्रेषित (स.) मात्र जुलैबीबला शोधत होते.

हा प्रसंग आम्ही अनेकदा सांगितला आहे. सांगताना आपण नेहमी त्या मुलीचे कौतुक करतो. या वेळी आमच्या लक्षात आले की त्या गोष्टीत आई-वडीलही आहेत. मदिनेतले, ईमानवाले, प्रेषितांच्या (स.) शेजारी राहणारे. त्यांच्याही मनात खानदान आडवे आले. हजरत अबूजर (रजि.) यांच्यासारख्या थोर सहाबींनी रागाच्या भरात एकाला त्याच्या आईवरून टोमणा मारला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सुनावले की तुमच्यात अजून जाहिलियतचा अंश उरला आहे. म्हणजे कलमा पढला की सगळी जाहिलियत एका दिवसात निघून जाते, असे नाही. ती शोधून काढावी लागते. सहाबींनी ती काढली, कारण कुणी दाखवून दिल्यावर त्यांनी ती कबूल केली. आपली अडचण नेमकी इथे आहे. आपण कबूलच करत नाही.

मग हे आले कुठून?

"हे सगळे हिंदू समाजातून आपल्यात आले," असे म्हणून आपण मोकळे होतो. काही अंशी ते खरे आहे. आपल्यातल्या बहुतेकांचे पूर्वज याच मातीतले. ते इस्लाममध्ये आले तेव्हा आपला पेशा आणि पेशाबरोबरची पायरी घेऊन आले. पिंजणारा पिंजारी राहिला, विड्याची पाने विकणारा तांबोळी, फळ-भाजीवाला बागवान, बांगड्यावाला मणियार, विणकर मोमीन. पण सगळे खापर शेजाऱ्यावर फोडता येणार नाही.

चौदाव्या शतकात दिल्लीच्या सुलतानांच्या दरबारात जियाउद्दीन बरनी नावाचे मोठे इतिहासकार होते. त्यांनी 'फतावा-ए-जहाँदारी' या ग्रंथात सुलतानाला सल्ला दिला आहे की हलक्या समजल्या जाणाऱ्या लोकांना नमाज-रोजापुरते शिकवावे, त्यापुढे लिहिणे-वाचणे शिकवू नये. आम्ही शिक्षक आहोत. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा आमच्या वर्गातले निम्म्याहून जास्त बाक रिकामे दिसू लागले. बरनींचे ऐकले असते तर त्यावर बसणारी मुले शाळेत आलीच नसती, आणि त्यांना शिकवायला आम्हीही आलो नसतो.

दुसरी गोष्ट कुफूची. रिश्ता जुळवताना दोन्ही घरे एकमेकांना साजेशी असावीत, हा कुफूचा मुद्दा फिकहमध्ये आहे. मुलीला नव्या घरात जड जाऊ नये, हा त्यामागचा विचार. पण हनफी फिकहच्या जुन्या किताबांत साजेसेपणा मोजताना खानदान आणि पेशाही धरला गेला. इमाम मालिक (रह.) यांनी मात्र मुख्यतः दीन पाहावा असे म्हटले. आणि वधू व तिचा वली राजी असतील तर वेगळ्या खानदानातला निकाह पूर्ण जायज आहे, हेही सर्व इमामांना मान्य आहे. आपण काय केले? सवलतीचा भाग सोडला आणि कुफू या शब्दाचा अर्थ 'आपली बिरादरी' एवढाच करून टाकला.

शब्द एकीकडे आणि वागणे दुसरीकडे, हा आजार फक्त आपलाच नाही. अमेरिकेने १७७६ मध्ये सर्व माणसे समान आहेत असा जाहीरनामा काढला. तो लिहिणाऱ्या थॉमस जेफरसन यांनी आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. गुलामी कायद्याने बंद व्हायला १८६५ साल उजाडले. त्याच देशातले माल्कम एक्स १९६४ मध्ये हजला गेले, तिथे गोऱ्या मुसलमानांबरोबर एका थाळीत जेवले आणि त्यांचे आयुष्यच बदलले. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, सांगावीच. पण हजहून परत आल्यावर आपल्याच गल्लीतली थाळी एक होते का, हे त्या मुलीने विचारले आहे.

दुसऱ्यांसाठी दार उघडले तेव्हा

आपल्याकडे उजेड नाही असे नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना शिक्षणाच्या कामापायी घर सोडावे लागले, तेव्हा पुण्यात उस्मान शेख यांच्या घराचे दार उघडले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या परिषदेला मंडप घालायला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. ही आपल्याच महाराष्ट्रातली माणसे. दुसऱ्यांना समान मानण्याची हिंमत आपल्यात होती. मग आपल्यातल्याच माणसाला समान मानताना ती कुठे जाते?

याच बाबासाहेबांनी फाळणीवरच्या आपल्या ग्रंथात १९०१ च्या जनगणनेचा आधार घेऊन बंगालच्या मुसलमानांतल्या अशराफ, अजलाफ आणि अरजल या पायऱ्यांची नोंद केली आहे. अनेकांना ते आवडले नाही. पण २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात हेच तीन शब्द पुन्हा आले. २००४-०५ च्या पाहणीच्या आधारे त्या अहवालाने सांगितले की देशातल्या मुसलमानांपैकी ४०.७ टक्के लोक इतर मागासवर्गात मोडतात. दर पाचात दोन.

कागदावर नाही, मनात आहे

शाळेतल्या कामाचा एक अनुभव सांगतो. दहावीनंतर मुले दाखले काढू लागतात. महाराष्ट्रात ओबीसीचे जात प्रमाणपत्र हवे असेल तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणजे आजोबांचा शाळेचा दाखला शोधावा लागतो. जुने रजिस्टर काढले की जातीच्या रकान्यात काय दिसते? 'मुसलमान'. एवढेच. तांबोळी नाही, बागवान नाही, पिंजारी नाही. कारण त्या काळी आजोबांनी, किंवा नाव घालणाऱ्या मास्तरांनी, आपल्यात जात नसते असे म्हणून तेवढेच लिहिले. आज तो नातू कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतो, फी-सवलत हातची जाते, प्रवेशाची तारीख निघून जाते. दर जूनमध्ये अशी दोन-चार घरे आमच्या टेबलासमोर उभी असतात.

आणि त्याच घरात रिश्त्याची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न असतो, "कोणते लोक आहेत?"

याहून उलटी गोष्ट आम्हाला दुसरी माहीत नाही. जिथे लिहिल्याने मुलाचे भले झाले असते तिथे आपण जात लिहिली नाही. जिथे विसरल्याने मुलीचे भले झाले असते तिथे मात्र ती पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवली. 'इस्लाममध्ये जात नाही' हे वाक्य आपण सरकारसमोर बोललो. ते स्वयंपाकघरात बोलायचे होते.

जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, तेव्हा त्यांना हेच ऐकावे लागले, की तुम्ही मुसलमानांत जात आणता आहात. त्या चळवळीच्या व्यासपीठावर दिलीपकुमार आले होते. एवढे मोठे अभिनेते, पण वडिलांचा धंदा फळांचा होता, हे सांगायला त्यांना लाज वाटली नाही. शब्बीर अन्सारींनी जात आणली नव्हती. ती घरात होतीच, त्यांनी फक्त दिवा लावला. पेशावर आधारलेल्या आपल्या बिरादऱ्या मागास याद्यांत आल्या त्यामागे या खटपटीचा मोठा वाटा आहे.

याहून खालच्या पायरीवरच्या भावांचा प्रश्न तर अजून सुटलेला नाही. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. मैला वाहणारा, झाडू मारणारा मुसलमान आणि ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. रंगनाथ मिश्रा आयोगाने धर्माची ही अट काढावी असे सुचवले, त्याला बरीच वर्षे झाली. ही मागणी आपण केली पाहिजे, हक्काने केली पाहिजे. पण ती करताना एक प्रश्न स्वतःलाही विचारावा लागेल. सरकारकडे ज्यांच्यासाठी समान दर्जा मागतो, त्यांच्या घरचे पाणी आपण पितो का?

आमच्या घरची गोष्ट

आता जे लिहितो आहोत ते लिहावे की नाही, यावर दोन दिवस विचार केला. घरच्यांना विचारून लिहितो आहोत.

आमचे माहेर तांबोळ्यांचे. लहानपणी गावातल्या एका बड्या खानदानी घरी अम्मीबरोबर आम्ही गेलो होतो. त्या घरच्या बाईंनी अम्मीला चहा दिला, पण तो वेगळ्या कपात. कप धुऊन ठेवायला नोकराणीला हाक मारली ती अशा आवाजात की अम्मीने ऐकावे. अम्मी रस्ताभर बोलली नाही. ते आम्ही आजपर्यंत विसरलेलो नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या बाजीच्या मुलीला एक रिश्ता आला. मुलगी नर्सिंग शिकलेली. मुलगा सरकारी दवाखान्यात औषधे देण्याच्या कामावर, पाचवक्ती नमाजी, व्यसन नाही, हुंड्याची गोष्ट नाही. घराणे पिंजाऱ्यांचे. दुल्हाभाईंना मुलगा पसंत होता. भाचीनेही नाही म्हटले नव्हते. अडले ते अम्मीपाशी आणि बाजीपाशी. वेगळ्या कपातून चहा प्यायलेली आमची तीच अम्मी म्हणाली, "लोगां क्या बोलेंगे? आपन में लडके खतम हो गए क्या?"

त्या बैठकीत आम्ही होतो. सगळ्यांनी आमच्याकडे पाहिले, कारण घरात शिकलेले म्हणून आम्हाला विचारतात. आम्ही म्हणालो, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा." दिसायला हे वाक्य अदबीचे होते. खरे तर तो नकार होता. जुलैबीबची गोष्ट आम्हाला त्या दिवशीही येत होती. ती आम्ही बोललो नाही, कारण अम्मीचे मन मोडायचे नव्हते, बाजीशी वाद नको होता, आणि उद्या आमच्या मुलांचे रिश्ते याच बिरादरीत पाहायचे आहेत, हेही डोक्यात होते. भाची चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने आमच्याकडे पाहिले आणि ट्रे ठेवून आत गेली.

त्यानंतर 'आपल्यातले' चार रिश्ते आले. एकाने गाडी मागितली, एकाला नोकरी सोडणारी मुलगी हवी होती, दोन कळवतो म्हणून गेले. भाची तिशीला आली आहे. आमच्याशी पहिल्यासारखी बोलत नाही. बोलण्याचा आग्रह धरण्याचा हक्क आम्हालाही राहिलेला नाही.

म्हणून वर्गातल्या त्या मुलीने विचारले, "मसावात कुठपर्यंत असते?" तेव्हा उत्तर आम्हाला माहीत होते. आमच्या घरात ती बैठकीच्या खोलीच्या दारापर्यंत होती.

बिरादरी सोडायची का?

काही वाचक म्हणतील, बिरादरीने चांगलेही केले आहे. खरे आहे. अडल्यानडल्याला बिरादरीची जमात धावून येते, इज्तेमाई शादीत गरीब मुलींचे संसार उभे राहतात, हुशार मुलांना वजीफा मिळतो, दवाखान्यात कुणी नसेल तर बिरादरीचा माणूस रात्रभर बसतो. हे सोडा असे आम्ही म्हणत नाही. आयतीने कबिल्याला ओळखीचे काम दिले आहे, मदतीसाठी ती ओळख वापरली तर बरेच आहे. बिघडते कुठे? मदतीचे वर्तुळ हेच इज्जतीचे वर्तुळ होते तिथे. आपल्या माणसाला हात देणे वेगळे आणि बाहेरच्याला खालचा समजणे वेगळे.

आणि ही उतरंड अशी आहे की कुणीही तळाशी उभा नसतो. वरच्याने आपल्याला कमी लेखले की आपल्याला जाहिलियत दिसते. आपण खालच्याला कमी लेखले की ती घराण्याची रीत होते.

आम्हाला सुचलेल्या काही गोष्टी लिहितो. यासाठी पैसा लागत नाही, फतवाही लागत नाही.

रिश्त्याची माहिती आली की "कोणते लोक?" हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी दीन, स्वभाव, कमाई, तब्येत विचारावी. शेवटपर्यंत पोहोचल्यावर तो प्रश्न विचारायची गरज राहिली का, ते पाहावे. मुलीचे मत आधी घ्यावे, तिच्यासमोर घ्यावे.

मुलांच्या तोंडचे शब्द ऐकावेत. आपल्याकडे कितीतरी पेशांची नावे शिवीसारखी वापरली जातात. आमच्या वर्गातही वापरली जात होती आणि आम्ही नुसते "गप्प बसा" म्हणून सोडून देत होतो. आता थांबवून विचारतो, की हे काम कुणी केले नाही तर तुझे काय होईल?

दावत द्यायची तर दारात जाऊन द्यावी. डबा पाठवणे ही खैरात झाली, दावत नाही. कबर खोदणारा, सेहरीला उठवणारा, गुस्ल देणारा यांच्या मेहनतीचा मोबदला वेळेवर आणि हिशेबाने द्यावा. त्याने हात पसरण्याची वाट पाहू नये.

आणि दाखल्यावर आपली खरी जात लिहावी, लाज न बाळगता. कागद हा हक्कासाठी आहे.

उत्तर

आठवड्याने आम्ही नववीच्या वर्गात त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर दिले. म्हटले, तुझा प्रश्न बरोबर आहे. शिकवण पूर्ण आहे, वागणे अपुरे आहे, आणि त्यात तुझ्या टीचरही आल्या. मुले जरा चमकली. मग ती मुलगी म्हणाली, "टीचर, मी तुमच्याबद्दल नव्हते म्हटले." आम्हाला ते जास्त लागले. कारण मागच्या वर्षी आमच्या घरच्या अकीक्याला तिच्या घरी आमच्याकडूनही डबाच गेला होता. पाठवताना आम्हाला त्यात काही वावगे वाटले नव्हते.

गेल्या महिन्यात आमच्याकडे कुरआनख्वानी होती. आम्ही दोघे नवरा-बायको कब्रस्तानाला लागून असलेल्या त्यांच्या घरी गेलो आणि दावत दिली. तिचे अब्बू आले. स्वच्छ धुतलेला कुर्ता घालून आले. आमच्या साहेबांनी त्यांना आत, मौलानांच्या शेजारी बसायला सांगितले. ते "हो, हो" म्हणत दाराजवळच बसले आणि लवकर जेवून उठले, हात धुवायलाही थांबले नाहीत. एका दावतीने काही होत नाही, हे आम्हाला तेव्हा कळले. उठवणाऱ्याला सवय लागलेली असते तशी उठणाऱ्यालाही लागलेली असते. दोन्ही सवयी जायला अशा पुष्कळ दावती लागतील.

बाजीकडेही आम्ही जाऊन आलो. त्या दिवशी जे बोललो नाही ते बोललो, अम्मीसमोर बोललो, भाची ऐकत असताना बोललो. जुलैबीबची गोष्टही सांगितली. अम्मी रागावली नाही, नुसती तस्बीह फिरवत राहिली. बाजी म्हणाली, "अब बोल रही है तू." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. तो पिंजाऱ्यांचा मुलगा आता दोन मुलांचा बाप आहे, सुखात आहे. अल्लाह त्याला सुखात ठेवो. निघताना भाची दारापर्यंत सोडायला आली. बऱ्याच दिवसांनी आली.

नवीन एक रिश्ता आला आहे. कोणते लोक आहेत, ते या वेळी आम्ही विचारलेले नाही.

अल्लाह आपल्याला सफेतली मसावात घरापर्यंत आणण्याची तौफीक देवो. आमीन.